पोट निळं केलंस म्हणतात, इंजेक्शनं थांबवू का?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका सुनेचं पत्र आलं आहे. सासूबाई ६३ वर्षांच्या. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्यांचं मुंबईत मोठं ऑपरेशन झालं. गर्भाशय, दोन्ही अंडाशयं आणि पोटातला चरबीचा पडदा काढला. नवव्या दिवशी घरी सोडताना रक्तात गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन या औषधाच्या ४० मिलिग्रॅमच्या भरलेल्या सिरिंज दिल्या. रोज एक, पोटाच्या कातडीखाली, २८ दिवस. नर्सने एकदा दाखवलं, तेव्हापासून सूनच टोचते. आता पोटावर निळे-काळे डाग पडलेत आणि मोठ्या नणंदबाई म्हणतात, "आईचं पोट निळं केलंस." सासऱ्यांचं म्हणणं, ऑपरेशन यशस्वी झालं, त्या चालतात-फिरतात, मग आता कशाला? गावातले फॅमिली डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे गुठळ्यांचा त्रास फारसा नसतो, हवं तर ॲस्पिरिन देऊ. त्यात नणंदबाईंच्या मोबाइलवर आलं की हे औषध डुकराच्या आतड्यापासून काढतात. सासूबाई माळकरी आहेत आणि त्यांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. नवरा पुण्याला नोकरीत, फोनवर म्हणतो, "तुला योग्य वाटेल ते कर." ताई विचारतात: मुंबईच्या डॉक्टरांचं ऐकू की घरच्यांचं? आणि ते डुकराचं सांगू की नको?

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला मेलवर दोन ओळी कळवल्या होत्या: सर्जनशी बोलल्याशिवाय इंजेक्शन थांबवू नका, आणि रोजची वेळ चुकवू नका. सदर छापून येईपर्यंत वाट पाहण्यासारखा हा प्रश्न नव्हता. आता सविस्तर लिहिते, कारण याच पेचात अडकलेली घरं आणखी आहेत.

सासऱ्यांपासून सुरुवात करू. ऑपरेशन यशस्वी झालं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आणलं म्हणजे ऑपरेशन संपलं, असं आपण धरून चालतो आणि गडबड तिथेच होते. शरीराच्या हिशेबात ते महिनाभर चालू असतं. रक्ताची गुठळी का होते, याची तीन कारणं जर्मनीतल्या रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने वैद्यकशास्त्रात शिकवतात, आणि त्यांचं मूळ लिखाण १८५६ सालचं आहे: रक्ताचा वेग मंदावणं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचीच गोठण्याची ओढ वाढणं. सासूबाईंच्या बाबतीत तिन्ही एकत्र आली आहेत. काही तास टेबलावर निश्चल पडून राहणं आणि नंतरचे अंथरुणातले दिवस हे पहिलं. ओटीपोटात मोठ्या शिरांच्या अगदी जवळ झालेली कापाकापी हे दुसरं. तिसरं कारण कॅन्सर स्वतः, कारण कॅन्सरच्या पेशी रक्ताला गोठवणारी द्रव्यं सोडतात. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रुसो यांनी १८६५ मध्ये हा संबंध मांडला होता. पुढे दोनच वर्षांनी स्वतःच्या शिरेत गुठळी दिसली, तेव्हा आपल्यालाही आतून कॅन्सर आहे हे त्यांनी ओळखलं, आणि तो निघालाही, जठराचा.

तर ट्यूमर काढला तरी ही ओढ त्याच दिवशी शून्यावर येत नाही. जखम भरून यावी म्हणून शरीरही रक्त गोठवायची यंत्रणा काही आठवडे जोरात चालू ठेवतं. इटलीत कॅन्सरची ऑपरेशनं झालेल्या २,३७३ रुग्णांवर महिनाभर लक्ष ठेवलं होतं. तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास देण्याइतकी गुठळी शंभरात साधारण दोघांना झाली. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण त्यातल्या ४० टक्के गुठळ्या २१ दिवस उलटून गेल्यावर झाल्या होत्या, म्हणजे रुग्ण घरी, टाके निघालेले, पाहुणे पेढे खाऊन गेलेले. आणि त्या महिन्यात जे दगावले, त्यांच्यात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हीच गुठळी होती.

ही गुठळी बहुतेकदा पायाच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरेत धरते. तिचा तुकडा सुटला की हृदयातून थेट फुफ्फुसात जाऊन अडकतो. "ऑपरेशन छान झालं होतं हो, पंधरा दिवसांनी संडासला गेल्या नि तिथेच कोसळल्या, अटॅक आला," असं आपण कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. त्यातले काही अटॅक हृदयाचे नसतातच. पोस्टमॉर्टेम कोण करतं? त्यामुळे गुठळीचं नाव कुठे लागत नाही, आणि मग "आपल्याकडे हा त्रास नसतो" हे म्हणणं सोपं होतं.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, तेही मान्य करू. रक्त गोठण्याचा एक आनुवंशिक दोष युरोपीय लोकांत बराच आढळतो, तो आपल्याकडे कमी आहे. पण सासूबाईंचा धोका वंशातून आलेला नाही. तो कॅन्सर, वय आणि ओटीपोटातलं मोठं ऑपरेशन यांतून आला आहे, आणि ते तिन्ही सोलापुरात असोत की स्टॉकहोममध्ये, सारखेच काम करतात.

ॲस्पिरिनचं म्हणाल तर ती कल्पना त्यांनी हवेतून काढलेली नसावी. गुडघा किंवा खुबा बदलल्यावर काही रुग्णांना पुढचे दिवस ॲस्पिरिनवर ठेवतात. ते सांध्यांच्या ऑपरेशनचं. पोटातल्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर ती या इंजेक्शनांच्या जागी चालते, असं धरता येत नाही. ॲस्पिरिन मुख्यतः प्लेटलेटवर, म्हणजे रक्त थांबवायला एकमेकींना चिकटणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांवर, काम करतं, आणि शिरेतली गुठळी मुख्यतः गोठण्याच्या दुसऱ्याच साखळीतून तयार होते. कुणी "दोन्ही घ्या" म्हणालं तर तेही सर्जनला विचारल्याशिवाय नको. दोन्हींनी मिळून रक्तस्राव वाढतो. गुडघेदुखीसाठी घरात पडून असलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांचंही तेच. दुखलं तर साधं पॅरासिटामॉल.

आता २८ हा आकडा कुठून आला? पूर्वी ही इंजेक्शनं दवाखान्यात असेपर्यंत, आठवडा-दहा दिवस देत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पोटाच्या किंवा ओटीपोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांना आधी सगळ्यांना आठवडाभर एनॉक्सापॅरिन दिलं, मग निम्म्यांना आणखी तीन आठवडे तेच आणि निम्म्यांना नुसत्या पाण्यासारखं इंजेक्शन. शेवटी पायांच्या शिरांचे फोटो काढले. लवकर थांबवलेल्यांत शंभरातल्या १२ जणांना गुठळी निघाली, चार आठवडे पुरे केलेल्यांत पाच जणांनाही नाही. मोठ्या रक्तस्रावात लक्षणीय फरक पडला नाही. यातल्या बहुतेक गुठळ्या फोटोत दिसल्या म्हणून कळल्या, रुग्णाला त्रास जाणवत नव्हता, हेही सांगायला हवं. म्हणजे इंजेक्शन थांबवलं की बारा टक्के माणसं कोसळतात, असा याचा अर्थ कुणी लावू नये. पण धोका निम्म्याहूनही कमी उरतो, एवढं त्यातून दिसतं. तेव्हापासून पोट आणि ओटीपोटाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर चार आठवड्यांचा सल्ला रूढ झाला.

एक गोष्ट मात्र डिस्चार्ज कार्ड काढून पाहा. २८ दिवस ऑपरेशनच्या दिवसापासून धरायचे की घरी आल्यापासून? दवाखान्यातली इंजेक्शनं यात मोजली असतील तर शेवटची तारीख आठ-नऊ दिवस अलीकडे येते. यावर हमखास गोंधळ होतो, आणि वॉर्डात एक फोन केला तर मिटतो. शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावा. "किती दिवस अजून?" हे रोज विचारणाऱ्या सासऱ्यांना त्यानेच निम्मं उत्तर मिळेल.

डागांकडे वळू, कारण तुमच्या घरातलं भांडण खरं तर डागांवरून पेटलं आहे. कातडीखाली सुई गेली की एखादी बारीक केशवाहिनी फुटते, आणि औषधाचं काम रक्त गोठू न देणं, त्यामुळे तिथे थोडं रक्त पसरतं. रुपयाच्या नाण्याएवढे निळसर डाग, मग हिरवे-पिवळे होऊन विरणारे, हे अपेक्षितच आहेत. ते वाढत चालले, कडक गोळा आला, जागा लाल-गरम झाली तर दाखवा. डाग कमी पडावेत म्हणून काही गोष्टी सांभाळता येतात, आणि नर्सने घाईत दाखवताना त्यातलं एखादं राहून गेलं असेल.

सासूबाईंना आडवं किंवा टेकून बसवा. जागा निवडायची बेंबीपासून निदान चार बोटं लांब, पोटाच्या कडेला, टाक्यांपासून दूर, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. सिरिंजमध्ये छोटा हवेचा बुडबुडा दिसेल. तो काढायला जाऊ नका, तो ठेवूनच टोचायचं असतं. काढायच्या नादात औषध सांडतं. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर जागा वाळू द्या. मग अंगठा आणि तर्जनीत कातडीची जाड घडी धरा, सुई सरळ, काटकोनात, पूर्ण आत. हळूहळू दाबा. सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. नंतर बोळा नुसता टेकवून धरा.

आणि चोळू नका. तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलं आहे की इंजेक्शननंतर नणंदबाई "मायेने हळद-तेल लावून चोळतात." माझी शंका तिथेच आहे. बरेचसे डाग त्या चोळण्याचे असणार. त्यांना दुखवू नका, पण हे थांबवा. पायांच्या मालिशबद्दलही बोलून ठेवते, कारण बाळंतीण असो की आजारी माणूस, पाय चोळून दिले की बरं वाटतं असं आपल्या अंगवळणी पडलं आहे. एका पायाला सूज असेल, पोटरी दुखत असेल, तर त्या पायाला हात लावायचा नाही. आत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटू शकते.

"चालतात-फिरतात मग कशाला" याबद्दल. चालणं हवंच. दिवसातून चार-पाच वेळा अंगणात फेऱ्या, पडल्या पडल्या पावलं वर-खाली करणं, पाणी भरपूर (डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर), पायमोजे दिले असतील तर ते. मुंबईला तपासणीला जाताना गाडी दर तास-दीड तासाने थांबवून दोन पावलं चालवा. पण चालण्याने तीन कारणांतलं एकच आटोक्यात येतं, रक्ताचा वेग. उरलेल्या दोघांवर चालण्याचा इलाज नाही. आणि बाई घरी येऊन "चालते-फिरते" म्हणजे नेमकं किती? बिछाना ते मोरी, मोरी ते खुर्ची, एवढंच बहुतेकदा असतं. दिवसभर मोजून पाहा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मोबाइलवरचे बहुतेक वैद्यकीय संदेश खोटे असतात. हा खरा आहे. हेपरिन हे मूळ औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात आणि एनॉक्सापॅरिन त्यापासूनच बनवतात. शुद्धीकरण होतं, मांसाचा अंश उरत नाही, पण उगम तोच.

तुमचं पत्र मी परत वाचलं. सासरे काय म्हणाले, नणंद काय म्हणाल्या, डॉक्टर, नवरा, सगळ्यांची वाक्यं आहेत. सासूबाईंचं एकही नाही. पोट त्यांचं, माळ त्यांची, कॅन्सरही त्यांचाच, आणि त्या शुद्धीवर आहेत, घरात फिरतायत. डॉक्टरांचं ऐकू की घरच्यांचं, असं तुम्ही विचारता, तेव्हा निवड तुम्ही करायची आहे असं गृहीत धरता. ती तुमची नाहीच. म्हणून माझं मत: सांगा. नणंदबाई कधीतरी रागाच्या भरात बोलून जातीलच, आणि तेव्हा "सुनेने मला फसवून डुक्कर टोचलं" हे आयुष्यभराचं होईल. तुम्ही शांतपणे सांगितलंत तर ते फक्त एक अवघड संभाषण असेल.

काय सांगायचं? औषध कशासाठी, न घेतल्यास काय होऊ शकतं, ते कशापासून बनतं आणि दुसरे मार्ग कोणते, हे सगळं एकाच बैठकीत. उगम आधी सांगून धोका नंतर नको. जीव वाचवायला औषध म्हणून घेतलेलं चालतं, असं मानणारे माळकरी पुष्कळ आहेत. घरात ज्या महाराजांचा शब्द चालतो त्यांना फोन लावून दिलात तरी हरकत नाही. आणि सासूबाईंनी नको म्हटलं तर तोही शेवट नाही. फोंडापॅरिनक्स नावाचं इंजेक्शन पूर्णपणे प्रयोगशाळेत बनतं, प्राण्यापासून नाही. अपिक्साबान ही गोळी आहे; स्त्रियांच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर २८ दिवस ती देऊन एनॉक्सापॅरिनशी तुलना केलेली एक चाचणी २०२० मध्ये आली, ४०० स्त्रियांवरची, आणि मोठ्या रक्तस्रावात दोन्हींत फरक दिसला नाही. पण हा बदल सर्जनने करायचा. मूत्रपिंडाचं काम, बाकीची औषधं, जखमेची स्थिती पाहून. मेडिकलवाल्याने "तेच आहे, घ्या" म्हणून बदलून दिलेलं चालणार नाही. बदल होईपर्यंत मधला दिवस रिकामा जाऊ देऊ नका.

शिवाय एक सुचवते. त्यांना स्वतःला टोचून घ्यायचं आहे का, विचारा. साठी ओलांडलेल्या कितीतरी बाया रोज इन्शुलिन स्वतः घेतात. हात थरथरत नसेल, नजर बरी असेल तर जमतं. "सुनेने पोट निळं केलं" हा विषयच मग संपतो.

फॅमिली डॉक्टरांशी वाद घालू नका. रात्री दोन वाजता श्वास लागला तर मुंबईचे सर्जन येणार नाहीत, हेच दार उघडतील. त्यांना डिस्चार्ज कार्ड दाखवा आणि "तुम्ही एकदा त्यांच्याशी फोनवर बोलाल का?" असं विचारा. डॉक्टरांचं डॉक्टरांशी बोलणं झालं की बराच तिढा सुटतो. त्यांच्याकडून एक काम करूनही घ्या: रक्ताची साधी तपासणी, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिनसह. क्वचित या औषधानेच प्लेटलेट एकदम घसरतात आणि रक्त उलट जास्त गोठू लागतं. हे बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत घडतं. मूत्रपिंड कसं चालतं ते दाखवणारं क्रिएटिनिनही पाहू द्या, मूत्रपिंड फार कमी चालत असेल तर डोस बदलावा लागतो.

इंजेक्शन विसरलं तर आठवल्यावर द्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बरणीत टाका आणि तपासणीला जाताना दवाखान्यात द्या, घंटागाडीत नको. खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात चौकशी करा. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, घरी न्यायची औषधं किती दिवसांची मिळतात ते.

पुढचं फ्रिजवर चिकटवून ठेवा. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं, पाय गरम किंवा लाल होणं: त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी. अचानक दम लागणं, खोल श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, घेरी येऊन पडणं: १०८, आणि "पंधरा दिवसांपूर्वी कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, गुठळीची शंका आहे" हे वाक्य डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं, कारण ईसीजी काढून "गॅस आहे" म्हणून परत पाठवल्याचं घडतं. काळी चिकट शी, लघवीतून किंवा अंगावरून रक्त, जखमेचं ड्रेसिंग भिजणं, डोकं भयंकर दुखणं: पुढचं इंजेक्शन देण्याआधी फोन. डी-डायमर नावाची, गुठळीचा अंदाज घेणारी रक्ततपासणी कुणी करून "वाढलंय" म्हणून घाबरवलं तर कळून असा की ताज्या ऑपरेशननंतर ते वाढलेलंच असतं.

शेवटचं इंजेक्शन झालं की विषय पुरता मिटला, असंही समजू नका. सासूबाईंना किमो द्यायची ठरली असेल तर किमोच्या काळात गुठळीचा धोका पुन्हा वर जातो, विशेषतः औषधासाठी छातीत पोर्ट, म्हणजे कातडीखाली मोठ्या शिरेला जोडलेली छोटी डबी, बसवला तर. तेव्हा रक्त पातळ ठेवणारं औषध पुन्हा लागेल का, हे त्या डॉक्टरांनी वेगळं ठरवायचं असतं. ते मोजायची एक पद्धतही आहे, आलोक खोराना या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये मांडलेली. कॅन्सर कुठला, प्लेटलेट किती, हिमोग्लोबिन किती, वजन किती, अशा चार-पाच गोष्टींवरून गुण देतात. पहिल्या किमोआधीच्या भेटीत तुम्ही, किंवा त्याहून बरं म्हणजे सासूबाईंनीच, विचारायचं: "माझा स्कोअर किती?"